राघूने जंगल विकलं

शेवरवाडीत राघू नावाचा एक भोळा राहायचा. भोळा हे गावाने आपलं दयेपोटी म्हणायचं. खरं तर त्याच्या डोक्यात भुसा होता, आणि तोही काठोकाठ नव्हता. त्याची बायको येसू कंटाळून माहेरी गेली होती. जाताना म्हणाली, "आयुष्यात एक तरी वस्तू विकून दाखवा, मग नांदायला येईन."

राघूचे विसूमामा चित्रकार. पाय मोडून ते घरी पडले होते. त्यांनी रानात बसून, एका बैठकीत रंगवलेलं पानगळीचं तैलचित्र राघूच्या हाती दिलं. पिवळे पडलेले साग, मधून ओढा, जमीनभर पाचोळा. माणूस एकही नाही.

"बाजारात विकून ये. आणि ध्यानात ठेव, असलं चित्र लांबून दाखवायचं."

राघूने ध्यानात ठेवलं. बाजारात एक मास्तर चित्र बघायला पुढे आले. राघू चित्र धरून मागे सरला. मास्तर आणखी पुढे, राघू आणखी मागे. भाजीवाल्या संपल्या, मडकी संपली, बाजार संपला. वेशीबाहेर मास्तर धापा टाकत थांबले.

"अहो, विकायचंय ना?"

"विकायचंय म्हणून तर लांब चाललोय!"

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे ठोंब्या, बघायला येईल त्याला जवळ येऊ द्यावं. निवांत बघू द्यावं!"

पुढच्या बाजाराला पहिली शेळी आली. राघू अदबीने बाजूला झाला. शेळीने चित्र गुंडाळायचं फडकं चघळायला घेतलं. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. राघू त्यांना म्हणाला, "थांबा जरा, हिचं बघून होऊ द्या." गिऱ्हाइकं निघून गेली. शेळी फडकं संपेपर्यंत थांबली.

मामा ओरडले, "चार पायांचं दिसलं की काठी हाण, गाढवा!"

तिसऱ्या बाजाराला इनामदार आले. घोडीवरून आले. राघूने घोडीला अशी काठी हाणली, की इनामदार थेट शेजारच्या तालुक्यात पोचले.

मामांना आता बोलवेना. तरी बोलले. "थोरामोठ्यांना तोशीस पडू देऊ नये रे! कुणी घेतो म्हणालं की माल साफसूफ करून, लगेच कामाला येईल असा हातात द्यावा."

चौथ्या बाजाराला येसूही आली. गाठोडं काखेत घेऊन पेरूवालीपाशी उभी राहिली. चित्र विकलं, की तशीच घरी जायची होती बिचारी. एक वकीलसाहेब आले, चित्राकडे बघतच राहिले. "घेतलं मी हे," म्हणाले आणि घासाघीस न करता पैसे मोजून दिले. "तयार ठेवा, चहा घेऊन येतो." येसू लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे बघून हसली.

राघूने चित्र न्याहाळलं. जमिनीवर पाचोळाच पाचोळा. असली जमीन परक्या माणसाला कशी द्यायची? शेवरवाडीत पावसाआधी जमिनीवरचा पाचोळा जाळून राब भाजतात, मगच पेरणी होते. एवढी अक्कल मात्र राघूला होती. शेजारी फुटाणेवाल्याची भट्टी पेटलेलीच होती. तेलाचा रंग, छान पेटला.

येसूने गाठोडं उचललं आणि माहेरची वाट धरली.

वकीलसाहेब परतले. राघूने पत्रावळीवर गरम राख त्यांच्यापुढे धरली.

"घ्या साहेब, राब झकास भाजलाय. आता पाऊस पडला की बिनघोर नाचणी टाका!"