बाळराजांचा वाढत्या मापाचा अंगरखा

"आजपासून उचल बंद," मानाजीराजांनी भर दरबारात सांगितलं. "बारसं निघालं, आलेच आगाऊ पगार मागायला. लग्न निघालं, पुन्हा आले. म्हातारा आजारी पडला, पुन्हा दारात उभे. अरे, दर महिन्याला पगार मिळतो ना? मग पुढचं सगळं त्यातूनच आधी बाजूला काढायचं. यापुढे जो उचल मागेल, त्यानं चाकरी आणि गडावरचं घर, दोन्ही सोडायचं."

चाकरांनी माना खाली घातल्या. राजांचं लग्न आणि बाळराजांचं बारसं खजिन्यातूनच झालं होतं, पण हे बोलणार कोण?

रखमाजी शिंपी नेमका त्याच सकाळी उचल मागायला आला होता. त्याच्या येसूचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. फर्मान ऐकून तो दारातूनच मागे फिरला, तेवढ्यात राजांनी हाक मारली.

"का रे रखमाजी, कशाला आला होतास?"

"सहज, महाराज. पडद्याचं माप घ्यायला."

"पडदा तर तू परवाच लावून गेलास."

रखमाजीला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं सगळं सांगून टाकलं.

"मुलगी काय काल जन्मली?" राजे म्हणाले. "मोठी होणार हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, महाराज." रखमाजीच्या मागे कापडाचं गाठोडं घेऊन येसू उभी होती. "पण मी दरवर्षी वाढतच गेले. शिवाय रोज जेवतही होते."

कुणीतरी खोकल्यासारखं करून हसू लपवलं. राजांच्या कपाळावर आठी आली.

"तोंड चांगलं चालतं तुझं. आता हात चालतो का बघू. आमचे बाळराजे पाच वर्षांचे. त्यांना एक अंगरखा शिव. तो आज बसला पाहिजे, मुंजीत बसला पाहिजे आणि लग्नातही तोच बसला पाहिजे. मध्ये नवं कापड जोडायचं नाही. जमलं तर उचल देईन. नाही जमलं तर घर मोकळं करा. पगारात जन्मभराचं बसतं, तसं अंगरख्यातही बसेल."

"पगारात बसतं असं कोण म्हणतं?" येसूनं विचारलं.

"मी म्हणतो."

"मग बसेल, महाराज. कापड मात्र आजच लागेल. थेट लग्नापर्यंतचं."

"किनखापाचं अख्खं थान घेऊन जा."

घरी आल्यावर रखमाजी डोकं धरून बसला. "अगं, वाढत्या अंगाला आपण माया ठेवतो ती दोन बोटं. परकराच्या काठाला आतून जास्तीचं कापड दुमडायचं, पोरगी वाढली की उसवायचं. पण पाच वर्षांच्या पोराच्या अंगरख्यात नवरदेवाचं कापड मावेल कसं?"

"मावेल, बाबा. तुम्ही फक्त जाड सुई द्या."

"आणि मग?"

"मग काय, बाळराजे सांगतील."

अंगरखा तयार झाला. बाळराजांना दोन चाकरांनी दोन्ही बाजूंनी धरून दरबारात आणलं. बाळराजे लोडासारखे गोल दिसत होते. हात दोन्हीकडे ताठ पसरलेले. फरक एवढाच की लोड मुसमुसत नाही.

"हे काय आहे?" राजे उठून उभे राहिले.

"अंगरखा, महाराज," येसू म्हणाली. "बघा, गळा बरोबर, बाही मनगटापर्यंत, उंची गुडघ्यापर्यंत. आज बसला. हा लाल दोरा मुंजीच्या वेळी उसवायचा, हा हिरवा लग्नाच्या वेळी. सगळं कापड आत दुमडलेलं आहे. वरून जोडलेलं असेल तर दाखवा."

राजांनी स्वतः शिवण न् शिवण तपासली. एकही ठिगळ नव्हतं.

राणीसाहेबांना मात्र मुलाचा चेहरा बघवेना. त्यांनी त्याच्या हातात बुंदीचा लाडू दिला. बाळराजांनी हात वाकवायचा प्रयत्न केला. हात वाकेना. मान पुढे केली. तीही पोचेना.

"आईसाहेब," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "लाडू दिसतोय, पण येत नाही."

"काढा तो अंगरखा," राजे ओरडले. "मुलाला हात हलवता येत नाही. असा अंगरखा कुणी घालतं का?"

"मग पगाराचा असाच अंगरखा घालायला आम्हाला का सांगता, महाराज?" येसू म्हणाली. "लग्नाचं सगळं कापड आजच अंगरख्यात भरलं, की आजचा लाडू तोंडापर्यंत जात नाही. बाबांनी तुमचं फर्मान माझ्या बारशापासून पाळलं असतं, तर मी लग्नाच्या वयाची झालेच नसते."

राजांनी फुगलेल्या अंगरख्याकडे बोट केलं.

"मग ते कापड ठेवायचं कुठं?"

"दोन बोटं माया आमच्या घरात ठेवतोच आम्ही. आईनं एकेक करून माझी भांडी जमवली आहेत. बाकीचं थान असतं तिथंच राहू द्या, तुमच्या कोठारात. पोर वाढलं की आम्ही मागायला येऊ आणि मग हळूहळू फेडू. बाळराजांच्या बारशाला तुम्हीही तिथंच गेला होता ना?"

दिवाणजी छताकडे बघू लागले. तेवढ्यात बाळराजांचा आवाज आला.

"बाबासाहेब, तिचं लवकर ऐका ना. लाडू फुटतोय."

राजांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा लाडवाकडे, आणि ते मोठ्यानं हसले. हसता हसता पुन्हा आसनावर बसले. मग दरबारही हसला.

"फर्मान रद्द," ते डोळे पुसत म्हणाले. "रखमाजी, उचल घेऊन जा. लग्न, बारसं, आजारपण, ज्याला लागेल त्याला उचल मिळेल. आणि पोरी, माझ्या मुलाला आधी मोकळं कर. त्या अंगरख्यातून जेवढं कापड निघेल, तेवढं तुझ्या लग्नाला."

येसूनं कात्री काढली, बाळराजांजवळ बसली आणि आधी उजवी बाही उसवली. लाडू तोंडात गेला.

"कापड मिळालं, महाराज," ती दुसऱ्या बाहीकडे वळत म्हणाली. "उसवण्याची मजुरी तेवढी वेगळी."

राजे पुन्हा हसले आणि त्यांनी बोटातली अंगठी काढून तिच्या गाठोड्यावर ठेवली.