खळ्यातलं नवं घर

रणधीरसाहेबांनी आलिशान मोटारीला जोडून आणलेला रानावनातल्या मुक्कामाचा ट्रेलर थेट सगुणाकाकूंच्या खळ्यात उभा केला. दुसऱ्या दिवशी तिथे ज्वारीची मळणी होती. काकूंनी तो हलवायला सांगितलं, तर साहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

“जिथे हा थांबतो तिथे आमचं घर. घर कुणी हलवतं का?”

काकू वाद न घालता गेल्या आणि सगळं गाव घेऊन परतल्या.

“साहेब, नव्या घराची वास्तुशांत करायची ना? आमच्याकडे त्या दिवशी घरधनी गावाला जेवू घालतो. चूल कुठे मांडू?”

साहेब ताडकन उठले. “अहो, घर कसलं? गाडी आहे ही.”

“असं होय,” काकू म्हणाल्या. “मग हलवा की.”

खळं मोकळं झालं, तेव्हा काकूंनी सगळ्यांना चहा पाजला. साहेबांनाही.