सुटं कुसू

टेंभुरखेड्याच्या वेशीबाहेर एक जुनी चिंच होती. तिच्या पारावर आंबोजी महाराज बसत. मागे एक खोपटं, त्याला सागाचं दार, एवढाच संसार. एका वर्षी फाल्गुन सरता सरता महाराजांनी ते दारच काढलं आणि गोंदाजी सुताराच्या पुढ्यात टाकलं. म्हणाले, "रामनवमीला देवाला पाळणा कर. दुसरं लाकूड मिसळू नकोस."

गोंदाजी म्हणजे गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. कुणी टोचून बोललं तर हा जमिनीकडे बघणार. पण महाराजांनी आपल्याला काम सांगितलं, म्हणून त्या दिवशी त्याला घास गोड लागला नाही. आनंदानेही माणसाची भूक जाते, मंडळी!

दार कापायला घेतलं आणि अडचण कळली. पाळण्याचे चार खांब निघाले, पट्ट्याही निघाल्या, पण पट्ट्या आखूड. सुतार पट्टीच्या टोकालाच कोरून जीभ काढतो, तिला कुसू म्हणतात, आणि ती खांबाच्या भोकात बसवतो. इथे टोक कोरावं तर पाळणा बाळाला पुरेना. म्हणून गोंदाजीने दुसरा मार्ग धरला. खांबालाही भोक, पट्टीलाही भोक, आणि दोन्हींत अर्धं अर्धं जाईल असं वेगळं, सुटं कुसू. त्याचं माप त्याला बापाने शिकवलेलं. पट्टीच्या जाडीचे तीन वाटे करायचे. मधला वाटा कुसवाचा, कडेचे दोन भोकाच्या भिंतींचे. कुसू हाताने दाबून बसलं पाहिजे, ठोकून नाही. आणि सांधा सरसाने चिकटवायचा. तीन कोपरे त्याने असे केले आणि चौथ्याला हात घातला, तोच महादू मेस्त्री आला.

महादू मेस्त्री पंचक्रोशीत नावाजलेला. हातात कसब होतं, खोटं कशाला बोला. पण जीभ पटाशीहून धारदार. देवाचा पाळणा आपल्याला न सांगता या गोंद्याला सांगितला, हे त्याच्या मनात सलत होतं. त्याने सुटं कुसू दोन बोटांत धरलं, चार माणसांना दाखवलं आणि म्हणाला, "हे बघा, उसनं कुसू! ना खांबाच्या अंगचं, ना पट्टीच्या. आणि जाडी बघा, दात कोरायला बरं आहे. गोंद्या, देव पडला तर उचलायला कोण, तुझे महाराज?"

माणसं हसली. गोंदाजी जमिनीकडे बघत राहिला. पण सगळे गेल्यावर त्याने पटाशी घेतली, चौथ्या कोपऱ्याची दोन्ही भोकं रुंद केली आणि त्यांत जाडजूड कुसू मोगरीने ठोकून बसवलं. कुसू दणकट झालं खरं, पण भिंती राहिल्या पापडासारख्या. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण कानात ते हसणं होतं.

संध्याकाळी महाराज आले. पाळण्यावरून हात फिरवत चौथ्या कोपऱ्याशी थांबले.

"गोंदाजी, हे माप कुणाचं रे?"

गोंदाजीने मान खाली घातली.

"अजून वेळ आहे," महाराज म्हणाले आणि निघून गेले.

सरस वाळला होता. उघडायचं तर सगळा कोपरा फोडावा लागणार आणि महादूला पुन्हा हसायला निमित्त मिळणार. गोंदाजीने तो तसाच ठेवला. तुम्ही म्हणाल, महाराजांना कळत होतं तर त्यांनी दरडावून का नाही सांगितलं? मीही यावर पुष्कळ विचार केला आहे. एवढंच वाटतं, की संत दार दाखवतात, ढकलत नाहीत.

टेंभुरखेड्यात एक रीत होती. रामाची मूर्ती पाळण्यात घालायच्या आधी गावातलं सगळ्यात तान्हं मूल त्यात निजवायचं, चार झोके द्यायचे, मग देव. त्या वर्षी सगळ्यात तान्ही होती महादूचीच नात. बारा वर्षं सुनेची कूस उजवली नव्हती. सून सगुणा महाराजांच्या पारावर पदर पसरून रडली होती, तेव्हा कुठे ही पोर झाली. महादू म्हणाला, त्या पाळण्यात माझी नात जाणार नाही. सगुणा सासऱ्यापुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. म्हणाली, "मामंजी, ज्यांनी दिली त्यांच्या दाराचा पाळणा आहे." आणि पोर घेऊन देवळात गेली.

दुपार झाली. चारी खांबांना साखळ्या, साखळ्या तुळईला. बायका पाळणा म्हणू लागल्या, दोरी हातोहात फिरू लागली. आणि कट् असा बारीक आवाज झाला. बायकांना तो ऐकू गेला नाही. दोनच माणसांना गेला. गोंदाजी देवळाच्या खांबाला धरून उभा राहिला. महादू मात्र पुढे धावला.

त्याने पाहिलं ते असं. चौथ्या कोपऱ्याची भिंत उभी चिरली होती, कुसू निसटून खाली पडलं होतं. खांब आणि पट्टी यांच्यात बोटभर रिकामी जागा होती. तिथे काहीही नव्हतं. आणि पाळणा झुलत होता, पोर झोपेत हसत होती! जन्म लाकडात गेलेला माणूस तो. हे असं राहू शकत नाही, हे त्याच्याइतकं त्या देवळात कुणाला ठाऊक होतं?

"सगुणा, पोर उचल!" तो ओरडला.

सगुणाने पोर उचलून छातीशी धरली, आणि त्याच क्षणी तो कोपरा धाडकन खाली आला.

महादू देवळातून थेट चिंचेच्या पाराकडे पळाला. पारावर महाराज घामाघूम बसले होते. गुरवीण पंख्याने वारा घालत होती. तिने सांगितलं, मघापासून महाराजांनी उजव्या हाताचं एक बोट असं हवेत ताठ धरलं होतं. हात दुखेल म्हटलं, तर म्हणाले, थांब बाई, पोर उतरू दे. महादूने ते बोट पाहिलं. दोन्ही अंगांनी काळंनिळं पडलं होतं आणि कातड्यात सागाची कुसळं रुतली होती.

मागून गोंदाजी आला आणि त्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "मी घात केला. माप माहीत असून जाड केलं."

महादूला रडू आवरेना. "महाराज, ते माप याचं नव्हतं. माझ्या तोंडचं होतं." आणि जन्मात कुणापुढे न वाकलेला तो माणूस पायांशी वाकला.

महाराजांनी त्याला उठवलं. म्हणाले, "सुटं कुसू कुणाच्याच अंगचं नसतं बाबा, म्हणून दोघांना धरतं. पण त्याने आपल्या जागेपुरतंच असावं. जा, राम खोळंबलाय."

नवं कुसू करून सरस वाळायला वेळ कुठला? महादू देवळात गेला, तुटक्या कोपऱ्याखाली गुडघे टेकून बसला आणि पट्टी आपल्या खांद्यावर घेतली. गोंदाजीला म्हणाला, "गोंदाजी, मूर्ती ठेव." बायकांनी पुन्हा पाळणा धरला. झोक्यागणिक पट्टी खांद्यात रुतत होती. शेवटचं कडवं होईपर्यंत महादू मेस्त्रीने मान वर केली नाही.