हत्तीने आवाज केला

पूर्वी वेणुवती नगरीत कृतसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व हत्तीच्या योनीत जन्मले होते. नदीवर मोठा बांध घालण्याचे काम चालले होते आणि राजाचे चाळीस हत्ती खाणीतून दगड ओढीत. बोधिसत्त्व त्यांतलेच एक. त्यांना माणसाची वाचा अवगत होती, पण त्यांनी ती कधी वापरली नव्हती. खाणीवर माणसे एकमेकांशी जे बोलत ते ऐकून त्यांना तशी गरज वाटली नसावी.

वेणुवतीच्या लोकांना आपल्या न्यायसभेचा भारी अभिमान. इतर राज्यांत धन्याने पशूला मारले काय नि तारले काय, विचारणारा कोणी नसे. इथे तसे नव्हते. राजाच्या बागेत बकरी शिरली तर बकरीवर रीतसर खटला चाले. बैलाने कुणाला शिंग मारले तर त्याला सभेत उभे करीत, आरोप वाचून दाखवीत आणि मगच त्याचा जीव घेत. 'आमच्याकडे पशूलाही माणसासारखाच न्याय,' असे लोक परक्या वाटसरूंना सांगत. फरक म्हणाल तर एवढाच, की माणसाला सभेत बोलता येई. पशूच्या तोंडून काहीही निघाले तरी त्याची नोंद कशी करायची हे पूर्वजांनी ठरवून ठेवले होते. बकरीने आवाज केला. बैलाने आवाज केला. लेखकाने तीन शब्द लिहायचे आणि पुढे जायचे.

त्या सभेचा लेखक सोमिल. अक्षर देखणे, स्वभाव भिडस्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बावीस वर्षांत त्याने ताडपत्रावरचे एक अक्षर खोडले नव्हते. बायको कधी त्याच्यावर चिडली तर तो हीच गोष्ट तिला पुन्हा ऐकवी.

एके दिवशी बांधावर अपघात झाला. कामावरचा अधिकारी खंडक याने एका हत्तिणीला चढावर दगड ओढायला जुंपले. तिचा पुढचा पाय सुजला होता. माहुताने हात जोडले. म्हणाला, "दोन दिवस तरी सोडा तिला. पाय टेकवत नाही."

"बाकीचे तीन आहेत ना?" खंडक म्हणाला.

हत्तीण अर्ध्या चढावर कोसळली. दगड मागे घरंगळला आणि खाली उभे असलेले दोन मजूर त्याखाली गेले. संध्याकाळपर्यंत आरोप तयार झाला, की हत्तिणीने दोन माणसे मारली. मजुरांनी सगळे पाहिले होते, माहुताने तर जवळून पाहिले होते. पण उद्या चूल पेटणे खंडकाच्या मर्जीवर होते, म्हणून सगळे तोंडावर बोट ठेवून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

खटल्याच्या दिवशी बोधिसत्त्वांनी खुंटा उपटला आणि ते भर रस्त्याने न्यायसभेत आले. हत्तिणीच्या शेजारी उभे राहून त्यांनी सोंड उचलून सभेला वंदन केले.

"सभासदहो," ते म्हणाले, "मी खाणीवरचा हत्ती. हे घडलं तेव्हा मी समोर होतो. हिला तो पाय टेकता येत नव्हता. ती जागची हलेना, तेव्हा खंडकाने तिच्या कानामागे अंकुश रुतवला. जखम अजून ओली आहे, बघून घ्या. माणसं गेली याचं दुःख मलाही आहे. त्यांतला एक मला रोज गुळाचा खडा द्यायचा."

सभेत कुणीही हातातले पान तोंडात घालीना. न्यायाधीश आर्यदत्त म्हातारे होते, पण कानांनी तिखट. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता, आणि तो ऐकायला लागल्याबद्दल ते मनातून संतापले होते.

"सोमिल, नोंद करा."

"काय लिहू?" सोमिलने विचारले. बावीस वर्षांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता.

"रीत आहे ते."

सोमिलने लिहिले, हत्तीने आवाज केला.

बोधिसत्त्वांनी ते पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "जो कायदा आम्हांला दंड देऊ शकतो, त्याला आमचं म्हणणं का ऐकू येत नाही? गुन्हेगार व्हायला आम्ही माणसासारखे, आणि साक्ष द्यायला पशू, हे कसं? चार शब्द बोलण्याचाही हक्क द्यायचा नसेल तर आम्हांला इथे आणू नका. रानात मारा. तिथे निदान न्याय झाला असं कुणी म्हणत नाही."

सोमिलने लिहिले, हत्तीने पुन्हा आवाज केला. या वेळी त्याची लेखणी थोडी अडली, एवढेच.

हत्तिणीला मृत्युदंड झाला. तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, "ती गाभण आहे. तिच्या जागी मला घ्या."

हे मात्र सगळ्यांना लगेच ऐकू आले. आर्यदत्तांनी जुना नियम काढून दाखवला, की पशूच्या बदली पशू चालतो. कायद्याला पशूचे नाव ठाऊक नसते. हत्तिणीची दोरी सुटली आणि बोधिसत्त्वांना नदीकाठी साखळदंडाने बांधले.

मृत्युदंडाच्या पत्रावर राजाची मुद्रा लागे. आर्यदत्त आणि सोमिल पत्र घेऊन राजवाड्यात गेले. राजाने ते वाचले आणि बाजूला ठेवले.

"बाजारात म्हणतात की हत्ती बोलला. बोलला असेल तर त्याला मारायला मी वेडा नाही. सोमिल, तू तिथे होतास. बोलला का तो?"

सोमिलच्या ओठांवर 'हो' आलाही होता. तेवढ्या एका अक्षराने हत्ती वाचणार होता. पण मग ते पत्र दोन ठिकाणी खोडावे लागले असते. आणि खोडायचे म्हटले तर दप्तरातली बावीस वर्षांची पत्रे होती. त्या बकऱ्या, ते बैल, ते तट्टू आवाज करून काय म्हणत होते, असे उद्या कुणी विचारले तर? आर्यदत्त त्याच्याकडे पाहतही नव्हते.

"महाराज," तो म्हणाला, "पत्रात लिहिलंय तेच झालं. हत्तीने आवाज केला."

राजाने मुद्रा उमटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद करायला सोमिलला नदीकाठी जावे लागले. धनुर्धारी रांगेत उभे होते. त्यांच्यापुढून नेले जात असताना बोधिसत्त्व सोमिलपाशी थांबले.

"लेखका, तू ऐकलं होतंस."

"हो," सोमिल खालच्या आवाजात म्हणाला.

"मग माझी साक्ष वाया गेली नाही. माझा तुझ्यावर राग नाही. पण ती आता तुलाच सांभाळावी लागेल."

बाण लागले तेव्हा बोधिसत्त्वांच्या तोंडून काहीही निघाले नाही. सोमिलला त्या रकान्यात लिहायला काही उरले नाही.

हत्तीण दंडातून सुटल्यामुळे तिला त्याच सकाळी पुन्हा चढावर जुंपण्यात आले. पाय तसाच सुजलेला होता. न्यायसभेचे तिच्याशी काम संपले होते. मुकी बिचारी, कुणीही हाका.

भगवंतांनी ही कथा सांगितली तेव्हा विहारात वाद चालला होता, की राजाच्या कायद्याने पशूंना माणसासारखे हक्क द्यावेत की नाही. भिक्षू चंदिक म्हणाला होता, "ज्याला बोलता येत नाही तो हक्क मागणार कसा?"

कथा संपवून भगवान म्हणाले, "तेव्हाचा खंडक म्हणजे आज विहाराच्या भिंतीचं काम पाहणारा उपासक. न्यायाधीश म्हणजे मघापासून कायद्याची बाजू मांडणारे हे वृद्ध भिक्षू. हत्तीण म्हणजे ती दाराशी बसलेली उपासिका, जिला आत या असं अजून कुणी म्हटलेलं नाही. हत्ती मी होतो. आणि चंदिका, लेखक तू होतास."

चंदिक गोंधळून म्हणाला, "भन्ते, मला यातलं काहीच आठवत नाही."

"तेव्हा लिहिलं असतंस तर आठवलं असतं."

या कथेत सांगितलेली पारमिता, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायची साधना, सत्याची आहे. ती हत्तीने पाळली. वेणुवतीच्या दप्तरात मात्र, देखण्या अक्षरात, त्याने आवाज केला एवढेच लिहिलेले आहे.