सातकुंडीच्या राजाला कोणी शोधेना

सातकुंडीच्या राजाच्या वेबसाइटकडे कुत्रंसुद्धा फिरकेना. दिवसाकाठी बारा भेटी पडायच्या. त्यातल्या अकरा खुद्द महाराजांच्या, आणि बारावी राणीसाहेबांची, तीही चुकून बोट लागल्यामुळे.

राज्यात गरम पाण्याची सात कुंडं होती आणि येणाऱ्या पाहुण्यांवरच राज्य चालायचं. पाहुणे वाढावेत म्हणून तर वेबसाइट काढलेली. पण पान उघडलं की आधी महाराजांची तसबीर यायची. ती इतकी जड, की फेट्यापासून मिशीपर्यंत उतरायला पाच मिनिटं लागत, आणि तोवर बघणारा निघून गेलेला असे. कोणी चिकाटीने थांबलाच, तर पुढे बिरुदं. उष्णोदकाधिपती, सप्तकुंडप्रतिपालक, बाष्पकुलभूषण, अशी एकतीस! दरबाराची रीतच होती, बिरुदं संपल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. त्यामुळे कुंडं आहेत कुठे, हे सांगायची वेळ वेबसाइटवर कधी आलीच नाही.

प्रधान ढवळाजींनी यावर एक नामी युक्ती काढली होती. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत ‘गरम पाणी’ हे शब्द चारशे वेळा लिहायचे. म्हणजे माणसांना दिसणार नाहीत, शोधयंत्राला दिसतील आणि ते भुलेल. यंत्राला ते दिसले, पण भुलायच्या ऐवजी ते चिडलं आणि त्याने सातकुंडीला उचलून नवव्या पानावर फेकलं.

महाराजांचा पारा चढला. त्यांनी भर दरबारात हुकूम सोडला, की पंधरा दिवसांत शोधयंत्रात पहिलं नाव सातकुंडीचं आलं नाही, तर सातही कुंडं बुजवायची आणि वर महाराजांचा पुतळा बसवायचा. पाहुणे येत नसतील तर निदान पुतळा तरी दिसेल, असा त्यांचा हिशेब होता.

हे दरबाराच्या कडेला उभ्या असलेल्या येसूने ऐकलं. येसू कुंडावर पंचे वाटायची आणि तिथला फोनही तीच घ्यायची. तिची आई कोंडाबाई गुडघ्यांनी अगदी जाम झालेली. रोज सकाळी तासभर कुंडात बसली, तरच ती आपल्या पायांनी घरी परत यायची. कुंडं गेली की आई खाटेला खिळणार, हे येसूला पक्कं ठाऊक होतं. ती तशीच पुढे झाली आणि म्हणाली, हे काम मी करते.

दरबार खो खो हसला. पंचेवाली वेबसाइट चालवणार! महाराजांनी मात्र होकार दिला, पण अट घातली, की बिरुदांतला एक शब्द गाळायचा नाही आणि तसबीर काढायची नाही.

येसूने पहिले दोन दिवस वेबसाइटला हातही लावला नाही. फोनवर माणसं काय विचारतात, तेवढंच ती आठवून आठवून लिहीत बसली. सप्तकुंडप्रतिपालक आहेत का, असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं. लोक विचारत, पायऱ्या किती? बायकांना वेगळं कुंड आहे का? शेवटची एसटी कितीला? पाणी फार कढत तर नाही ना? तिने प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहिला आणि खाली सरळ उत्तर दिलं. ढवळाजींची पांढरी अक्षरं खरवडून टाकली. तसबिरीचं वजन उतरवलं. मग शेजारच्या गावातल्या खानावळवाल्याला गाठून, त्याच्या वेबसाइटवर कुंडांची वाट लिहायला सांगितली. त्याने ती आनंदाने लिहिली, कारण न्हाऊन निघालेल्या माणसाला भूक लागते.

पंधराव्या दिवशी दरबारात मोठा पडदा लावून त्याला महाराजांचाच संगणक जोडला. महाराजांनी ‘गरम पाण्याची कुंडं’ असं शोधलं. सातकुंडी आली, पण चौथी.

“पुतळेवाल्याला बोलवा,” ढवळाजी खुशीत म्हणाले.

“थांबा की,” येसू म्हणाली. “महाराजांनी पहिलं नाव मागितलं होतं. काय विचारल्यावर पहिलं, ते कुठे सांगितलं होतं?”

तिने स्वतः टाइप केलं, ‘आईचे गुडघे दुखतात, कमी पायऱ्यांचं गरम पाण्याचं कुंड’. पडद्यावर सर्वांत वर सातकुंडी! बाकीच्या राज्यांनी आपापली बिरुदं लिहिली होती. पायऱ्यांचं कोणी लिहिलंच नव्हतं.

“आणि माझी बिरुदं?” महाराज गरजले.

“एकतीसच्या एकतीस आहेत, महाराज. त्यांना वेगळं पान दिलंय. एवढ्या थोर मंडळींना दारात ताटकळत कसं ठेवायचं?”

महाराजांना हे पटल्यासारखं वाटलं, पण हार मानतील तर ते राजे कसले! असलं गावंढळ कोण विचारतं, शहाणी माणसं नीट भारदस्त शब्दांत शोधतात, असं म्हणत ते स्वतः पडद्यापाशी आले. शोधायच्या चौकटीत त्यांनी बोट टेकवलं मात्र, यंत्राने त्यांचे आधीचे शोध एकाखाली एक उघडे केले. अख्ख्या दरबाराने ते वाचले.

‘सिंहासनावर बसून पायाला मुंग्या येतात काय करू’.

‘मिशी गळते घरगुती उपाय’.

‘प्रधान खोटं बोलतो कसं ओळखावं’.

ढवळाजी खांबाआड सरकले.

येसूने हात जोडले. “महाराज, मुंग्या आल्या तेव्हा आपण राजवैद्यशिरोमणींना नाही शोधलंत. जिथे दुखत होतं, तेच लिहिलंत. लोकही तसंच लिहितात.”

महाराज आधी लाल झाले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि ते असे हसत सुटले की फेटा डोळ्यांवर आला. हसता हसताच त्यांनी हुकूम दिले. कुंडं आहेत तिथेच राहतील. वेबसाइट यापुढे येसूची, आणि ढवळाजींचा पगारही येसूचा. सकाळचं पहिलं कुंड कायम कोंडाबाईचं. आणि ती उठली की दुसऱ्या कोणी उतरायचं नाही, कारण तिथे महाराज पाय सोडून बसणार आहेत.