निघतानाचा शब्द

"सर, 'लीव्ह' म्हणजे काय?"

भंते शीलरत्नांनी हे विचारलं, तेव्हा खोब्रागडे सर त्यांच्यापुढे हात जोडून बसले होते. संसार पुरे झाला, मला चीवर द्या, आजच द्या, असं ते नुकतंच सांगून मोकळे झाले होते. दोघांच्या मधे सतरंजीवर पाण्याचं भांडं होतं, शेजारी वस्तरा. आणि भंते शब्दाचा अर्थ विचारत होते.

सरांना ते लागलं.

त्यांची सगळी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली होती. तालुक्यातले अर्धेअधिक वकील आणि मास्तर त्यांच्याच हाताखालून गेलेले. शब्द अडला की माणसं अजूनही त्यांना फोन करायची.

"भंतेजी, हे तुम्हाला ठाऊक नाही, असं थोडंच आहे?"

"तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"एक अर्थ नाही त्याला." सरांनी नकळत पाठ ताठ केली. "माणूस निघतो, गाडी सुटते, तिथेही 'लीव्ह'. नोकरी सोडली, गाव सोडलं, तिथेही तेच. कुणाला वाऱ्यावर सोडलं, तरी तेच. मरणारा मागे काही ठेवून जातो, तेसुद्धा 'लीव्ह'च. समानार्थी म्हणाल, तर 'डिपार्ट' आहे, 'क्विट' आहे, 'अबँडन' आहे..."

विहाराच्या रिकाम्या दालनात त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला.

"यातलं तुम्ही काय करताय?"

"मी त्याग करतोय. 'रिनाउन्स'. समानार्थीच आहे, पण वरच्या दर्जाचा शब्द."

"वरच्या दर्जाचा..."

"हो. बाकीचे व्यवहारातले."

भंतेंनी मान हलवली. टेकडीखाली वैनगंगा पसरलेली दिसत होती. डिसेंबरचं पाणी, शांत, काळपट. सर नदीकडे पाठ करून बसले होते. या विहारात ते कायम तसेच बसत.

"एखादं वाक्य सांगा ना. मुलांना सांगायचात तसं."

इतक्या वर्षांची जिभेची सवय. वाक्य आपोआप बाहेर आलं.

"शी लेफ्ट द डोअर ओपन. म्हणजे, तिनं दार उघडं..."

पुढचं तोंडातच राहिलं.

भंते वाट पाहत बसले.

सरांचा मुलगा सुजात. एकुलता एक. दोन पावसाळ्यांमागे मित्रांबरोबर नदीवर गेला. धरणातून पाणी सुटलं होतं. बाकीचे काठाला लागले, हा लागला नाही. होड्या घालून पार खालच्या गावांपर्यंत शोधलं. काहीच हाती आलं नाही.

सरांच्या पत्नी इंदूबाई रडल्या नाहीत. त्यांनी घराचं पुढचं दार लावणं तेवढं बंद केलं.

थंडीचं वारं सरळ आत यायचं. कुत्री येऊन ओसरीवर निजायची. सर उठून कडी घालायचे. थोड्या वेळानं इंदूबाई उठून ती काढायच्या. भांडण नाही, शब्द नाही. एकदा सरांचा तोल गेला. "तो मेला, इंदू! मेला तो!" असं ते गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. इंदूबाई "बरं" म्हणाल्या आणि दार उघडून परत येऊन बसल्या.

त्या दारासमोर राहणं सरांना आता झेपत नव्हतं.

हे सगळं त्यांनी अडखळत भंतेंना सांगितलं. प्रथमच सांगितलं.

"मुलगा घरून निघताना काय म्हणाला होता?"

सरांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"'येतो' म्हणाला."

"जाताना?"

"आपल्यात तसंच म्हणतात, भंतेजी. 'जातो' कुणी म्हणत नाही. ती नुसती बोलायची रीत. त्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो. ती तोच धरून बसलीय. किती वेळा समजावलं मी तिला!"

"हे... समजावलंत तिला?"

"हो. उदाहरणं देऊन."

भंतेंनी भांड्यातल्या पाण्याकडे पाहिलं.

पायऱ्यांवर चपला वाजल्या.

इंदूबाई दारात उभ्या होत्या. टेकडी चढून दम लागलेला, हातात कापडी पिशवी. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, वस्तऱ्याकडे पाहिलं. मग खाली बसून भंतेंना पंचांग प्रणाम केला आणि पिशवी सरांच्या बाजूला सरकवली.

"स्वेटर राहिला होता तुमचा. बीपीच्या गोळ्याही राहिल्या होत्या."

सरांना तिच्याकडे बघवेना.

"मी इथं आहे, हे कसं कळलं?"

"दुसरीकडं कुठं जाणार तुम्ही?"

"आणि घरी...?"

"शेजारच्या रंगारीकाकूंना बसवून आले दाराशी. त्यांना फार वेळ बसवत नाही जी, कंबर धरते." त्या उठल्या, पदर सारखा केला. "इथं वर वारं लागतं फार. जपा."

ना प्रश्न, ना रडणं. सरांना वाटलं, हिनं दोन शब्द बोलावेत, शिव्या द्याव्यात, पिशवी अंगावर फेकावी.

उंबऱ्यापाशी इंदूबाई जराशा थांबल्या.

"येते," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरू लागल्या.

भंते उठले. खिडकीशी जाऊन उभे राहिले. टेकडीखालच्या फाट्यावर बस आलेली नव्हती. काही वेळानं इंदूबाई तिथं पोचल्या आणि झाडाखाली एकट्याच उभ्या राहिल्या.

"आज सकाळी तुम्ही घरून काय म्हणून निघालात, सर?"

"...काहीच नाही."

"का?"

"'येतो' कसं म्हणू? मी परत जाणार नव्हतो, भंतेजी." सरांचा आवाज फुटला. "आयुष्यभर मी शब्द जपून वापरलेत. तिच्याशी खोटं बोलवेना मला."

भंते परत आले. वस्तरा मिटला. भांडं उचलून त्यातलं पाणी बाहेर पिंपळाच्या अळ्यात ओतलं, आणि तिथूनच, मागे वळून न पाहता, विचारलं,

"मग सुजात खोटं बोलला होता?"