अनुसयेचा अंबाडा

"वेणी सोडून बघितली, यात माझं काय चुकलं?"

मी मोठ्यानंच विचारलं. हळू बोलायची सवय नाही मला.

टेकडीवरच्या मठात निर्मळाबाई तांदूळ निवडत होत्या. संन्यासीण बाई, डोक्याचं मुंडण केलेलं. माझी बायको अनुसया माझ्या मागं बसलेली.

"कुणाची वेणी, भिकोबा?"

"थोरल्यासाठी पोरगी बघितली. वेणी जाड दिसली. शंका आली. माझ्या बहिणीला म्हटलं, सोड. चार माणसांत सोडली."

"मग?"

"मग काय! भांगात टाळू दिसते. कपाळाच्या कडेला तर तान्ह्या पोराच्या जावळासारखे केस. असली सून काय करायची? आजच नकार कळवतो."

"पोरगी काय म्हणाली?"

"काय म्हणणार… परत वेणी घालत बसली."

बाईंनी एक खडा काढून टाकला.

"किती बायकांची डोकी बघितलीस तू?"

"मी कशाला बघू? पदराखाली असतात."

"मग चांगले केस कसले असतात, हे तुला ठाऊक कसं?"

मला राग आला.

"ही आहे की घरात! नारळाएवढा अंबाडा. सव्वीस वर्षं बघतोय. अनुसये, दाखव बाईंना."

"राहू द्या ना…"

"दाखव म्हणतो तर!"

तिनं पदर खाली घेतला. आकडे काढले. अंबाडा सुटून मांडीवर पडला.

गंगावन होतं, खोट्या केसांचं.

डोक्यावर राहिले ते बारके, विरळ केस. भांगात टाळू दिसत होती. त्या पोरीसारखीच.

"पहिल्यापासनं असेच आहेत," ती खाली बघून म्हणाली. "लग्नात तुमच्या आईनंच हे आणून दिलं. म्हणाल्या, ह्याला कळू देऊ नको."

"मुंडणाआधी माझेही असेच होते," बाई म्हणाल्या. "माझ्या आईचेही."

…

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर होईना. खाली बघूनच विचारलं,

"त्या पोरीच्या बापाला आता काय कळवू?"

बाई उठल्या. आतून तेलाची वाटी आणून माझ्यापुढं ठेवली.

"आधी हिच्या डोक्याला तेल लाव."

"मी?… बरं, फणी तरी द्या."

"मठात कुठली फणी? बोटांनी विंचर."